आबनूस : एका मिसरी शब्दाचा प्रवास



प्राचीन मिसरी लोक एका काळ्याभोर लाकडाला ‘हब्नी’ म्हणत. ग्रीकांनी त्याचे ‘एबेनोस’ केले. अरबी-फारसीतून तो शब्द ‘आबनूस’ होऊन हिंदुस्थानात आला. वाटेत मात्र झाड बदलले! १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातले ‘हब्नी’ आफ्रिकेतले, आपल्या शिसवीच्या कुळातले. आज आबनूस म्हणतात तो तेंदूच्या कुळाला. गंमत अशी, की दोन्ही झाडांच्या शास्त्रीय नावांत ‘मेलॅनोझायलॉन’, म्हणजे ‘काळे लाकूड’, हेच पद आहे. शब्दाने झाड सोडले. रंग सोडला नाही.

कोरपन्याच्या रानातला तेंदू आपण विडीच्या पानापुरताच ओळखतो. काळा गाभा धरतो तो जुना तेंदू. तो राखला, तरच चार हजार वर्षांहून जुन्या या शब्दाचा अर्थ आपल्या मुलांना रानात दाखवता येईल.