नौदलाची पात्रता : विचार दहावीनंतरच हवा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



नौदलातून निवृत्त होऊन मी या विशाखापट्टणमातच स्थायिक झालो. त्यामुळे मंडळातले पालक मला हमखास विचारतात, "काका, मुलाला नेव्हीत पाठवायचंय, काय करावं लागेल?" हा प्रश्न बहुधा बारावीच्या निकालानंतर येतो. तोवर बरेच काही ठरून गेलेले असते.

पहिली गोष्ट विषयांची. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, हिच्यामार्फत नौदलात अधिकारी व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. आपल्याकडे इंटरला एमपीसी आणि बायपीसी असे गट असतात. ज्याने गणित सोडून बायपीसी घेतले, त्याला ९० टक्के मिळाले तरी हे दार बंद. मूल हुशार असते, शरीराने दणकट असते, पण प्रवेशाच्या त्या एका दिवशी कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट वयाची. एनडीएसाठी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वय आणि अविवाहित असणे आवश्यक. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० गुणांचे. पुढे एसएसबीची मुलाखतही ९०० गुणांची. म्हणजे पुस्तकाइतकेच वजन बोलण्याचालण्याला आणि चारचौघांत मिसळून काम करण्याला आहे. आपल्या मंडपात वर्गणीचा हिशेब ठेवणारी, रांग सांभाळणारी मुले ही तयारी नकळत करतच असतात.

अधिकारी होण्याखेरीज दुसरा मार्ग अग्निवीराचा. ही योजना २०२२ साली सुरू झाली. वय साडेसतरा ते एकवीस. एसएसआर या वर्गासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र घेऊन ५० टक्के लागतात, एमआरसाठी दहावीला ५० टक्के. सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केले जाते. घरात ही गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावी. मुलग्यांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचे असते, मुलींना आठ मिनिटांत.

होय, मुलींनाही! एनडीएत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळतो आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. ओडिशातल्या चिल्का येथून मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी निघाली, तीत २७३ मुली होत्या. तेव्हा "आमची मुलगीच आहे" असे म्हणून थांबू नका.

तिसरी गोष्ट शरीराची. पोहता येत नाही म्हणून पुष्कळ मुले अर्जच करत नाहीत. पोहणे प्रशिक्षणात शिकवतात. डोळे मात्र आधी तपासून घ्या, विशेषतः रंगांची ओळख. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. समोरचे जहाज कुठल्या दिशेला चालले आहे, हे त्या रंगांवरून कळते. अंधारात लाल-हिरव्यात गोंधळ झाला तर टक्कर व्हायची. म्हणून त्या तपासणीत सवलत मागण्यात अर्थ नाही. गोंदण्याबाबतही कडक नियम आहेत. हौस करण्याआधी ते वाचा.

चौथी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांसाठी खास. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इथल्या शाळेत आडनाव आधी येते, कधी त्याचे नुसते आद्याक्षर उरते. मग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि आधारवर दुसरे. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरतात. ही दुरुस्ती आजच करून घ्या. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ती होत नाही.

एक सावधगिरी. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजे. भारतीय नौदल वेगळे. पैसे घेऊन नौदलात लावून देतो म्हणणारा माणूस फसवतो आहे असेच समजा. भरतीची माहिती नौदलाच्या आणि यूपीएससीच्या अधिकृत संकेतस्थळांवर मिळते. नियम बदलतात, म्हणून दर वेळी नवी जाहिरात स्वतः वाचा.

२०२२ साली कोचीला नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण अर्जात अभिमानासाठी रकाना नसतो. तिथे विषय, गुण आणि जन्मतारीख विचारतात.

दहावीत असलेल्या मुला-मुलींच्या पालकांनी आरतीनंतर मला जरूर भेटावे. इंटरचा गट निवडण्याआधी आपण बसून बोलू.

गणपती बाप्पा मोरया!