जिझानची माळ आणि घड्याळाची चाके



आपल्या महिला मंडळातील तरुण मुलींनी बंद पडलेल्या घड्याळांची चाके, काटे आणि तबकड्या घेऊन कानातली व लोलक करावयास आरंभ केला आहे. हनुक्काच्या विक्रीत ते मांडले जातील आणि त्याचे उत्पन्न सिनेगॉगच्या दुरुस्तीस लागेल. त्यापूर्वी या कामाविषयी मी काही सांगावे, अशी इच्छा मंडळाने व्यक्त केली. मी सोनारकाम शिकलेली नाही आणि घड्याळजीही नाही. माझे आयुष्य रुग्णालयांत गेले, त्यामुळे दागिना पाहिला की माझी नजर प्रथम त्याच्या खालच्या कातडीकडे जाते. हा दोष म्हणा, पण आज तोच उपयोगी पडेल.

येथे मेजावर जी माळ ठेवली आहे ती जिझानहून आलेली आहे. जिझान हे सौदी अरेबियाच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यातील, तांबड्या समुद्रावरचे बंदर. समोर फरासानची बेटे, पाठीशी फैफाचे कॉफीचे डोंगर आणि दक्षिणेस येमेनची सीमा. माझ्याबरोबर परिचारिकेचे शिक्षण घेतलेली रत्नागिरीकडील एक मैत्रीण तेथील रुग्णालयात काही वर्षे नोकरीस होती. परतताना तिने ही माळ बाजारातून विकत आणली आणि पुढे ती माझ्याकडे ठेवावयास दिली. तिला ती चांदीसाठी आवडली होती. मला ती त्याहून निराळ्या कारणाने मोलाची वाटली, आणि ते कारण आपल्या लोकांशी निगडित आहे.

माळेच्या मध्यभागी हे मोठे नाणे पाहा. यावर एका राणीचे चित्र आहे आणि साल 1780 आहे. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. ती त्याच साली वारली, तरी तिच्या नावाचे आणि त्याच सालाचे नाणे पुढे सतत पाडले गेले. कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवरील व्यापाऱ्यांचा दुसऱ्या कोणत्याही नाण्यावर तितका विश्वास नव्हता. येमेनात त्यास फ्रान्सी रियाल म्हणत. वजन 28 ग्रॅमहून किंचित अधिक, आणि सहा भागांत पाच भाग चांदी. राणीच्या खांद्यावरील पिनेचे मोती मोजून नाणे खरे की खोटे ते लोक ठरवीत. आपल्या मुंबईकरांस ऐकून नवल वाटेल, पण दुसऱ्या महायुद्धात, 1940 आणि 1941 च्या सुमारास, हे नाणे आपल्या फोर्टमधील टाकसाळीतही पाडले गेले आणि तेथून तिकडे रवाना झाले. समोरचे नाणे मुंबईचे आहे असा माझा दावा नाही. तशी लक्षावधी नाणी होती, एवढेच सांगते.

आता या नाण्यापासून दागिना कसा होई ते ऐका. काही नाण्यांना नुसती कडी जोडून ती माळेत ओवत. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळा आठवा; पुतळी हेही मूळचे सोन्याचे नाणेच. परंतु बहुसंख्य नाणी मुशीत जात. कोळशाच्या आगीवर ती वितळवून कांब ओतत, कांब ठोकून पत्रा करीत, किंवा भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून पुनःपुन्हा ओढून केसासारखी तार काढीत. तारेचे इवलेसे तुकडे कोळशावर तापवले की ते आपोआप गोल होतात, ते रवे. या लांबट पोकळ नळीवर, जिच्यात ताईताचा कागद ठेवीत, जी खडीसारखी नक्षी दिसते ती अशा शेकडो रव्यांची आहे. एकेक रवा चिमट्याने ठेवावयाचा आणि सर्व एकदम तापवून झाळावयाचे. आच थोडी कमी झाली तर रवे गळून पडतात, थोडी अधिक झाली तर सगळी नळीच वितळते.

हे काम कोणाचे? येमेनात, त्यातील साअदा भागात आणि त्याला लागून असलेल्या नजरानमध्ये चांदीचे काम मुख्यत्वे यहुदी कारागिरांच्या हाती होते. शस्त्र बाळगणाऱ्या आणि जमीन कसणाऱ्या टोळ्यांना हातकाम कमीपणाचे वाटे. बहुतेक ठिकाणी यहुद्यांना शस्त्र बाळगण्याची मोकळीक नव्हती, तेव्हा हुन्नर हेच त्यांचे साधन झाले. बवसानी, बदीही अशी काही घराण्यांची नावे तर तारकामाच्या शैलींनाच मिळाली. मुसलमान वधूच्या अंगावरील चांदी यहुदी हातांनी घडलेली असे. जिझान, असीर आणि नजरान हे प्रदेश 1934 च्या ताइफच्या तहाने सौदी राज्यात निश्चित झाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे दागिन्यांना तो नवा नकाशा ठाऊक नव्हता. डोंगरात घडलेला माल किनाऱ्याच्या बाजारात येतच राहिला.

मला या सर्वांत लक्षणीय वाटते ती एक साधी गोष्ट. वधूची चांदी ही तिची स्वतःची पुंजी. अडचणीच्या दिवसात ती मोडावयाची. मोडताना तिच्यात खरोखर किती चांदी निघेल हे तिला घडवून घेतानाच ठाऊक असले पाहिजे. तिला कस लावता येत नाही, कारागिराला येतो. म्हणून अनेक कारागीर आपल्या नावाचा ठसा दागिन्यावर उमटवीत. या नळीच्या टोकाशी असा एक बारीक ठसा आहे. तो इतका झिजला आहे की भिंगातूनही अक्षरे जुळत नाहीत, पण ठसा आहे. आमच्यात चांदी किती आणि तांबे किती हे मी जाणतो आणि त्याची जबाबदारी माझी, एवढाच त्याचा अर्थ. तोरामध्ये खऱ्या वजनमापांची जी आज्ञा आहे तिचे याहून नेमके पालन मला सुचत नाही.

ती माणसे आता तेथे नाहीत. 1949 आणि 1950 मध्ये येमेनचे सुमारे 49,000 यहुदी एडनमार्गे विमानांनी इस्रायलला गेले. नजरानचे यहुदीही 1949 मध्येच एडनला पोहोचले. ते एडन आपल्याला परके नाही. 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, आणि आपल्या बेने इस्राएल घराण्यांतील किती तरी पुरुष पलटणीत तेथे राहून आले. येमेनचे इमाम अहमद यांनी यहुद्यांना जाऊ देताना आपले हुन्नर मुसलमान शेजाऱ्यांना शिकवून जावे, अशी अट घातली होती. ही अट अन्यायाची की न्यायाची यावर वाद होऊ शकेल. मला मात्र त्या निरोपाच्या महिन्यांत आपल्या जागी बसणाऱ्या मुलाचा हात धरून रवा कसा ठेवावा हे दाखविणारा म्हातारा दिसतो. परिचारिकेलाही आपला वॉर्ड असाच दुसऱ्या हाती द्यावा लागतो. काही महिन्यांत चिमटा धरणे शिकविता येते. आच ओळखणे नाही.

पुढे तेलाचा पैसा आला, वधूंना सोने हवेसे झाले आणि जुनी चांदी बाजारात आली. दुकानदार तुटलेल्या माळांचे तुकडे एकत्र करून नव्याने ओवू लागले. ही माळ तशीच. नळी एका माळेची, नाणे दुसरीचे, लाल मणी काचेचे. आणि खाली लोंबणारे हे पिवळे, दातेरी फूल? माझ्या मैत्रिणीस ते सूर्याचे चित्र वाटले होते. मी ते आमच्या ओळखीच्या एका वृद्ध घड्याळजीस दाखविले. त्याने डोळ्याला भिंगही लावले नाही. गजराच्या घड्याळाचे पितळी चाक, म्हणाला. म्हणजे मुलींनो, तुमचा उद्योग जिझानच्या बाजारात तुमच्या जन्मापूर्वीच झालेला आहे!

ही माळ मैत्रिणीने एका लग्नात घातली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर खाज सुटून पाणीदार पुरळ उठले. तिने दोष दिला पितळी चाकाला. मी तिची मान पाहिली. पुढे, जेथे नाणे, नळी आणि चाक टेकत होते, तेथे कातडी स्वच्छ होती. पुरळ नेमके मागे होते, माळेच्या हुकाच्या आकाराचे. हूक नवा, दुकानदाराने बसविलेला, चकचकीत पांढरा. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तपासून निकेलची ॲलर्जी सांगितली. चांदीचा हूक लावल्यावर तिने ती माळ पुढे अनेकदा घातली.

आपल्या कामाचा कळीचा मुद्दा येथे आहे. चांदीच्या नाण्यात काय आहे हे जगाला ठाऊक होते. घड्याळाच्या पोटात काय आहे हे कोणावरही लिहिलेले नसते. चाके बहुधा पितळेची, त्यांचे आस पोलादाचे, पट्ट्यांवर पुष्कळदा निकेलचा मुलामा. काही भाग जर्मन सिल्व्हरचे असतात. त्याच्या नावात चांदी आहे, अंगात मुळीच नाही; तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. यांत्रिक घड्याळातील लाल खडे माणिक म्हणून कोणी विकू नयेत. 1902 मध्ये वेर्नय या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने भट्टीत केलेले ते खडे असतात; जात माणकाचीच, पण किंमत कवडीची. एकदा निकेलची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि कान टोचलेल्या लहान मुलींना ती लवकर जडते. म्हणून कानात जाणारी तार चांदीचीच हवी. चाक कातडीला टेकत असेल तर मागे चांदीचा किंवा कापडाचा थर हवा. आणि प्रत्येक नगासोबत, तो कशाचा आहे हे लिहिलेली चिठ्ठी हवी. पितळ असेल तर पितळ लिहा. गिऱ्हाईक पळून जाईल अशी भीती नको. जिझानच्या वधूला तांब्याचा सहावा भाग ठाऊक होता, तरी ती घेतच होती.

तबकड्यांविषयी मात्र मी कठोर होणार आहे. अंधारात चमकणारे आकडे आणि काटे असलेली, 1960 च्या दशकातील किंवा त्यापूर्वीची घड्याळे आपल्या पुष्कळ घरांत आहेत. त्या चमकीत रेडियम असू शकते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तरुण मुली अशा तबकड्या रंगवीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले होते. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, कित्येक मरण पावल्या. न्यू जर्सीतील पाच जणींच्या खटल्यात 1928 मध्ये तडजोड झाली. रेडियमचे निम्मे होण्यास सुमारे 1,600 वर्षे लागतात. घड्याळ आता चमकत नाही म्हणून ते निर्धोक झाले, असा समज करून घेऊ नका. झिजतो तो चमक देणारा दुसरा पदार्थ. रेडियम आहे तेथेच असते. काच बंद असेपर्यंत धोका अल्प. काच काढून तबकडी घासली, कापली, भोक पाडले, की त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. अशी तबकडी गळ्यातही नको आणि आपल्या कामाच्या मेजावरही नको.

बॅटरीच्या घड्याळातील चपटा सेल प्रथम काढून बंद डबीत टाकावा. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजते. असे मूल उलटी होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावयाचे असते. यांत्रिक घड्याळाची मुख्य कमान सोडविण्याचे काम घड्याळजीकडे द्या, ती डोळ्यावर उसळते.

आणखी एक प्रश्न मला परवा एका तरुणीने विचारला. वडिलांचे एचएमटीचे घड्याळ बंद आहे, ते मोडावे का? 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने ज्या कारखान्याचे काम सुरू झाले, त्याची घड्याळे किती तरी पित्यांनी नोकरीत चाळीस वर्षे मनगटावर वागविली. मी तिला म्हटले, आधी घड्याळजीस दाखव. तेल वाळल्याने थांबलेले घड्याळ मेलेले नसते. खरोखर दुरुस्तीपलीकडे असेल तर खुशाल मोड, पण भावंडांना विचारून. शेमोथच्या पुस्तकात सोन्याचे वासरूही लोकांच्या कर्णभूषणांतून झाले आणि मिश्कानाचे गंगाळही स्त्रियांच्या आरशांतून झाले. मिद्राशात असे आहे की मोशेला ते आरसे घेणे आधी रुचले नव्हते, आणि परमेश्वराने त्याला ते घेण्यास सांगितले. वस्तू मोडण्यास आपल्या धर्माची ना नाही. (घड्याळाच्या चाकाचा लोलक शब्बाथला घालून बाहेर पडावे की नाही, हे कृपया मला विचारू नका, हाजानसाहेब समोरच बसले आहेत.)

विक्रीतील नगांच्या चिठ्ठीवर धातूबरोबर करणारीचे नाव लिहावे, असे मी मंडळास सुचविले आणि ते मान्य झाले. कोणाच्या मानेवर पुरळ उठले तर तिला कोणाकडे यावयाचे हे कळले पाहिजे. घड्याळ ज्यांचे होते त्यांचे नाव घरच्यांची इच्छा असेल तरच लिहावे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात काम सुरू होईल. बंद घड्याळे कागदी पाकिटात घालून, त्यावर आपले नाव लिहून आणावीत. चमकणाऱ्या आकड्यांची जुनी घड्याळे आणू नयेत. ती न उघडता, आहेत तशीच मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत. ज्यांच्याकडे चांदीची मोडकी जोडवी किंवा साखळीचे तुकडे असतील त्यांनी ते अवश्य आणावेत, कारण कानांतल्या तारांसाठी चांदी कमी पडते आहे. ही माळ तोवर येथेच राहील. हात लावून पाहा. हूक आता चांदीचा आहे.