कालवा आला, चारीचे काय?

(अकोले येथे झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. वक्ते अनेक वर्षे सह्याद्रीच्या डोंगराळ भागात बिनतारी इंटरनेट सेवेचा लहान व्यवसाय करीत आले आहेत.)



अकोल्यात बोलायला उभे राहायचे आणि धरणाचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरेतून खाली गेले, ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवे फुटले आणि राहुरी-श्रीरामपूरचा मुलूख उसाने हिरवा झाला. धरण आपल्या उशाशी राहिले, पाणी मात्र खाली गेले. निळवंड्याच्या प्रकल्पाला १९७० साली मंजुरी मिळाली. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. त्यामुळे धरण बांधणे, कालवा खोदणे आणि चारीतून पाणी वावरात पडणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे अकोलेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आज मला पाण्याविषयी नव्हे, इंटरनेटविषयी बोलायचे आहे. पण गोष्ट तीच आहे. या देशाच्या ब्रॉडबँड धोरणाने धरण बांधले, कालवाही खोदत आणला. चारी खोदणाऱ्या लहान माणसाचे मात्र त्या धोरणाला वारंवार विस्मरण झाले.

हा लहान माणूस कोण? तालुक्याच्या गावी एखाद्या मोठ्या कंपनीकडून तो घाऊक दराने इंटरनेट विकत घेतो. उंच जागी टॉवर उभारतो, त्यावर डिश बसवतो आणि समोर दिसणाऱ्या गावात, वाडीत, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या छपरावर दुसरी डिश लावतो. मधल्या अंतरात तार नाही, चर नाही. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीपासून मुळेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या आपल्या तालुक्यात या पद्धतीचे मोल विशेष आहे. येथे जमीन काळ्या कातळाची. त्यातच बराचसा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे केबलसाठी चर खणायचा म्हणजे आधी कातळ फोडायचा आणि त्याच्याही आधी वनखात्याची परवानगी मिळवायची. बिनतारी लहरींना यातले काहीच लागत नाही. त्यांना लागते ती दोन टोकांमधली मोकळी दृष्टिरेषा, बॅटरी, आणि पावसात टॉवरवर चढणारा माणूस.

धोरणाने या माणसासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने हे क्षेत्र खासगी उद्योजकांना खुले केले आणि अखिल भारतीय, प्रादेशिक व स्थानिक अशा अ, ब, क वर्गांचे परवाने ठेवले. २०१३ च्या एकीकृत परवान्यातही ‘क’ वर्गाचे प्रवेशशुल्क केवळ २० हजार रुपये होते. म्हणजे लहान माणसासाठी दार उघडे होते. परंतु घराचे दार उघडे असले, तरी अंगणातला रस्ता कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उरतोच. बिनतारी सेवेचा रस्ता म्हणजे लहरींचा पट्टा, ज्याला आपण स्पेक्ट्रम म्हणतो. ही संपत्ती कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्टच सांगितले, की रेडिओलहरी वाहून नेणारे हे आकाश सार्वजनिक मालमत्ता आहे. या सार्वजनिक मालमत्तेचे वाटप कसे झाले, ते आता पाहू.

२००४ साली देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण आले. २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी तेव्हाची व्याख्या होती. पाठोपाठ २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठी परवानामुक्त झाला. लहान चालकांच्या दृष्टीने हा खरा मुक्तीचा क्षण होता. परंतु ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेर खुला व्हायला २०१८ चा ऑक्टोबर यावा लागला. तेव्हा एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. अमेरिकेने आपला ५ गिगाहर्ट्झ पट्टा १९९७ सालीच खुला करायला प्रारंभ केला होता. जो निर्णय तिकडे एका पिढीपूर्वी झाला, तो येथे येईपर्यंत एकवीस वर्षे लोटली होती.

मधल्या काळात, २०१० साली, बिनतारी ब्रॉडबँडसाठी राखलेल्या पट्ट्याचा लिलाव झाला. संपूर्ण देशाच्या परवान्याची किंमत १२,८४७ कोटींवर गेली. शासनाच्या तिजोरीत पैसा आला, हे चांगलेच झाले. पण लिलाव मंडळनिहाय होता. आपले मंडळ म्हणजे मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा. ज्याला केवळ अकोले तालुक्यात सेवा द्यायची आहे, त्याने सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंतचे आकाश विकत घ्यावे, अशी ही रचना. भाकरीपुरते पीठ हवे असणाऱ्याला संपूर्ण गिरणी विकत घ्यायला सांगण्यासारखे हे आहे. याउलट अमेरिकेत २०२० साली ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील परवाने जिल्ह्याएवढ्या लहान क्षेत्रांसाठी लिलावात ठेवले गेले आणि उरलेला भाग सर्वांच्या सामायिक वापरासाठी मोकळा राहिला. त्यामुळे हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

आपल्या महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग या संदर्भात आवर्जून सांगितला पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ या नावाने पालघर जिल्ह्यातील खेड्यांत बिनतारी इंटरनेट नेले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी त्यांनी प्रथम वापरून पाहिल्या. या लहरी झाडीतून आणि भिंतींतून अधिक सहजपणे आरपार जातात, डोंगरी मुलखाला त्या वरदानच. पुढे ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातून पंचवीस गावे जोडली गेली. या कार्याला २०१७ साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत सव्वा लाख डॉलर्सचे प्रथम पारितोषिक मिळाले. प्रयोग गाजला, परंतु त्या रिकाम्या लहरी लहान चालकांसाठी खुल्या झाल्या नाहीत. २०२२ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा विक्रीला ठेवण्यात आला, तेव्हा त्यावर एकही बोली आली नाही. मोठ्यांना तो नको होता आणि लहानांना तो मागता येत नव्हता. पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी, हा न्याय आपल्याकडे जुना आहे. आकाशाला तो का लावू नये?

आता एक स्वानुभव सांगतो. गावाचे आणि कंपनीचे नाव घेत नाही, कारण प्रश्न कोणा एकाचा नाही.

बाजारपेठेच्या गावात आमची दोनशेच्या आसपास कनेक्शन्स होती. दुकाने, पतसंस्था, दोन शाळा. त्या उत्पन्नावर आम्ही वरच्या एका वाडीत टॉवर चालवीत होतो. वाडीत जोडण्या अवघ्या चौदा. हिशेबाच्या वहीत ती वाडी तोट्याचीच होती. २०२० च्या पावसाळ्यात टॉवरजवळ वीज पडली आणि यंत्र जळाले. रात्री एका पालकाचा फोन आला, “दादा, पोरीचा फॉर्म भरायचाय. उद्या शेवटची तारीख हाये.” आमची दोन पोरे पहाटे बॅटरी आणि नवे यंत्र खांद्यावर घेऊन वर गेली. दुपारी दोन वाजता फॉर्म भरला गेला. ती मुलगी आज परिचारिका होण्याचे शिक्षण घेत आहे.

पुढे वर्षभरात काय झाले? ज्या कंपनीकडून आम्ही घाऊक इंटरनेट घेत होतो, तीच बाजारपेठेत किरकोळ विक्रीला उतरली. तिचा ग्राहकासाठीचा दर आमच्या खरेदीच्या दराहून कमी होता. दुकानदार तिकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही, संसार सगळ्यांनाच आहेत. पण बाजारपेठ गेली तेव्हा वाडी पोसणारा पैसा गेला. अखेर तो टॉवर आम्ही उतरवला. मोठी कंपनी बाजारपेठेपर्यंतच थांबली. वाडीत ती गेली नाही. स्पर्धेने स्वस्ताई आली हे खरेच, परंतु जेथे ग्राहक चौदा आहेत तेथे स्पर्धा येत नसते. तेथे फक्त माणूस जातो, आणि त्या माणसाला टिकवणे हे धोरणाचे काम आहे.

आता भारतनेटकडे वळू. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. एवढा मोठा कालवा जगात फार थोड्या देशांनी खोदला असेल, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण कालवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील पेटीपाशी थांबतो. आपल्याकडे ग्रामपंचायत एका ठिकाणी आणि तिच्या वाड्या तीन डोंगरांवर. सुधारित योजनेत स्थानिक उद्यमींशी उत्पन्न वाटून घेण्याची तरतूद आली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. त्याचप्रमाणे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याविना वाय-फाय विकण्याची मुभा दिली. जुन्या एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या फलकाची आठवण व्हावी, अशी ही कल्पना. मात्र त्या टपरीवाल्याला मोठ्या कंपन्यांकडून मिळणारे इंटरनेट इतके महाग पडू लागले, की अखेर जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला त्या दरावर मर्यादा घालावी लागली. घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारणी करता येणार नाही, असा तो आदेश आहे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी वाय-फाय केंद्रांचे लक्ष्य ठेवले होते. २०२५ पर्यंत वाणीची केंद्रे काही लाखांतच होती.

मग आपली मागणी काय असावी? अनुदानाचा हात पसरण्याची गरज नाही. पहिली गोष्ट, पंचायतीच्या पेटीपर्यंत आलेला प्रकाशतंतू कोणत्याही परवानाधारकाला जाहीर, समान घाऊक दराने मिळावा. कालव्याचे पाणी जसे एका बागायतदाराचे नसते, तद्वत. दुसरी, विकला न गेलेला किंवा घेऊनही न वापरलेला लहरींचा पट्टा तालुका हे एकक धरून स्थानिक चालकांना अल्प शुल्कात मिळावा. तिसरी, परवान्याच्या शुल्कातून ग्रामीण सेवेसाठी जो निधी जमतो, त्यात लहान चालकाचाही वाटा असतो. तेव्हा चौदा घरांच्या वाडीत जो सेवा देईल, त्याला त्या निधीतून परतावा मिळावा, मग तो लहान असो वा मोठा.

आता आपल्याकडेही पाहू. आमच्यातील काही चालक परवाना न घेता सेवा विकतात, नोंदी ठेवत नाहीत, सांगितला तो वेग देत नाहीत, फोन उचलत नाहीत. कोणत्या ग्राहकाने कोणती जोडणी वापरली याची नोंद ही देशाच्या सुरक्षेची बाब आहे. तिथे लहान म्हणून सवलत मागता येणार नाही. एकेकट्याला हा भार पेलत नसेल, तर एकत्र यावे. याच जिल्ह्यात, याच प्रवरेच्या खाली, शेतकऱ्यांनी आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. एकट्याच्या उसाला भाव नव्हता, सर्वांच्या मिळून आला. तालुक्यातील चालकांनी एकत्र येऊन घाऊक इंटरनेट घेतले, टॉवर सामायिक केले, तर त्यांचेही तसेच होईल.

आणि आपण नागरिक? पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारा, की आपल्या पंचायतीतील ती पेटी चालू आहे का, आणि तिच्यापासून शेवटच्या वाडीपर्यंत सेवा कोण नेणार आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या पूर्वजांनी पाण्यासाठी अर्धशतक वाट पाहिली. आपल्या लेकरांना फॉर्म भरण्यासाठी तेवढी वाट पाहायला लावणे आपल्याला शोभणारे नाही.