मंचाजवळचा लायका

१९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने भर मंचावर गिटार पेटवली. त्या रात्री कॅमेरा घेऊन तिथे होते छायाचित्रकार जिम मार्शल.

सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेल्या मार्शल यांना गाणं नुसतं ऐकून पुरत नसे. ते जवळून पाहायचं असे. म्हणून त्यांची अटच असायची, मंचामागेही मुक्त प्रवेश हवा. हातात छोटा, जवळजवळ आवाज न करणारा लायका कॅमेरा. मैफलीत फ्लॅश मारला, की कलावंताची तंद्री मोडते. मग असेल तेवढ्याच प्रकाशात, लय ओळखून बटण दाबायचं. खरं कसब इथंच!

१९६६ मधला बीटल्सचा शेवटचा तिकीट लावून झालेला कार्यक्रम, १९६९ मधलं जॉनी कॅशचं सॅन क्वेन्टिन तुरुंगातलं गाणं... दोन्हीकडे ते हजर होते.

२०१० मध्ये ते गेले. संगीतक्षेत्रातला ग्रॅमी ट्रस्टीज पुरस्कार २०१४ मध्ये या छायाचित्रकाराला मरणोत्तर मिळाला.