सुगीतली बेगमी



माघ महिना सरत आला की मोंढ्यात तुरीची आवक वाढते. पोत्यांच्या थप्प्या लागतात, मापाड्याला मान वर करायला सवड नसते, आणि आवक वाढली म्हणजे भाव बहुधा उतरतो. शेतकरी हातात पट्टी घेऊन घरी येतो, बियाण्याची नि खताची उधारी भागवतो. पुढे श्रावण येतो, पाठोपाठ गौरी-गणपती येतात. पुरणाला हरभऱ्याची डाळ हवी, वरणाला तुरीची हवी. त्या वेळी त्याच घरातली बाई दुकानातून किलोकिलोने डाळ आणते, आणि पुष्कळदा ती चढ्या भावाने आणते. आपणच पिकवलेले धान्य आपण स्वस्तात विकायचे आणि महागात परत घ्यायचे, असा हा व्यवहार खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षे चालत आलेला आहे.

यावर आपल्या आजी-पणजींनी काढलेला उपाय म्हणजे वर्षाची बेगमी. जिनसा स्वस्त असतील तेव्हा भरून ठेवायच्या. परंतु स्वस्तात घेणे हे बेगमीचे निम्मेच काम आहे. घेतलेला जिन्नस पुढच्या सुगीपर्यंत नीट टिकला, तरच ती स्वस्ताई आपल्या पदरात पडली. या दोन्ही गोष्टींचा आज थोडा हिशेब करू.

पहिली गोष्ट, कोणता जिन्नस केव्हा घ्यावा. नवा तांदूळ दिवाळीनंतर बाजारात येऊ लागतो. तूर डिसेंबर ते फेब्रुवारी. हरभरा, गहू आणि रब्बीची ज्वारी, म्हणजे आपला शाळू, ही फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. लाल मिरची, हळद आणि चिंच यांचाही भर याच सुमाराला असतो. म्हणजे वर्षभर लागणाऱ्या बहुतेक जिनसा दिवाळी ते गुढीपाडवा एवढ्या काळात घरी येऊ शकतात, आणि लगेच पुढे वाळवणाला चैत्र-वैशाखाचे ऊन तयार असते. जुन्या लोकांनी बेगमीला हाच मोसम धरला, तो काही उगाच नव्हे.

आता किती घ्यावे? येथे अंदाजाने काम करू नये. महिन्याला कोणता जिन्नस किती लागतो, ते दोन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावे. ज्यांना रेशनचे धान्य मिळते त्यांनी ते आधी वजा करावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळते. तेवढा गहू-तांदूळ येणारच आहे हे विसरून पोती भरली, तर ती उंदीर-किड्यांसाठीच भरली असे समजावे.

तुरीच्या डाळीचे उदाहरण घेऊ. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो डाळ लागते. वर्षाची झाली ४८ किलो. तूर भरडली की साली, चुरी, कोंडा जाऊन क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते. म्हणजे ४८ किलो डाळीसाठी सुमारे ७० किलो तूर पुरते. ज्याच्या शेतात तूर आहे त्याने गाडी जुंपण्यापूर्वी, किंवा आजच्या भाषेत टेम्पो बोलावण्यापूर्वी, ही ७० किलो बाजूला काढावी. राहील तो माल बाजाराचा.

ज्याला विकतच घ्यायची आहे त्याचा हिशेब असा. समजा, फेब्रुवारीत डाळ ११० रुपये किलो आहे आणि वर्षभर थोडीथोडी घेतली तर सरासरी १२५ रुपये पडते. एकदम घेतली तर ५,२८० रुपये, थोडीथोडी घेतली तर ६,०००. वाचले ७२० रुपये. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा काही भार निघाला.

पण मंडळी, आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. हे ५,२८० रुपये कोणाकडून महिना शेकडा तीन दराने उसने आणले आणि सहा महिन्यांनी फेडले, तर साडेनऊशे रुपये व्याजाचे झाले. वाचवायला गेलो ७२० आणि घालवले ९५०! किंवा, कर्ज नाही काढले, पण डाळीला ओल लागून सात किलो डाळ टाकावी लागली, तर ७७० रुपये उकिरड्यावर गेले. म्हणून पहिला नियम हा की बेगमी रोख पैशाने करावी, कर्जाने करू नये. सगळे एकदम जमत नसेल तर यंदा डाळ आणि मिरची एवढेच घ्यावे, पुढच्या वर्षी आणखी एक जिन्नस वाढवावा. बचत गटातल्या दहा जणींनी मिळून शेतकऱ्याकडूनच पाच क्विंटल गहू घेतला आणि काट्यावर वाटून घेतला, तर मधली दलाली नि हमाली वाचते. शेतकऱ्यालाही दोन पैसे जास्त पडतात. मात्र वजन सर्वांसमक्ष करावे आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. त्याने शेजारधर्म टिकतो.

दुसरा नियम : बेगमी एक वर्षाची, दोन वर्षांची नव्हे. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही साले पावसाने दगा दिल्याची. २०१५ च्या ऑक्टोबरात अनेक शहरांत तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. ज्यांच्या घरी बेगमी होती त्यांनी ती दिवाळी सुखाने काढली. पण त्या भावाला भिऊन पुढे ज्यांनी जास्तीची डाळ भरली, त्यांचे काय झाले? २०१६ ला पाऊस चांगला झाला, तुरीचा पेरा वाढला, आणि २०१७ च्या आरंभी तुरीचे असे पेव फुटले की क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारात तूर त्याच्याही खाली विकली गेली. खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. भाव चढतो तसा पडतोही. आपल्या पोटापुरते ठेवणे ही बेगमी. भाव वाढेल म्हणून अडवून ठेवणे ही साठेबाजी. पहिलीत घराचा फायदा आहे, दुसरीत जुगार आहे आणि दुसऱ्याच्या ताटाचा प्रश्नही आहे.

आता साठवणीकडे वळू. धान्याचे शत्रू तीन : ओल, कीड आणि उंदीर. यांतला म्होरक्या म्हणजे ओल. गहू, ज्वारी, तांदूळ वर्षभर ठेवायचे तर त्यांत ओलावा शेकडा १२ च्या आत हवा, आणि कडधान्यांत ९-१० च्या आत. दाणा दाताखाली धरला असता कट्कन आवाज करून फुटला पाहिजे. दबला तर आणखी ऊन हवे.

ओलावा पाहण्याची एक सोपी युक्ती सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात करून दाखवावी. झाकणाची कोरडी काचेची बाटली घ्या. तिचा तिसरा हिस्सा धान्याने भरा. तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ दोन-तीन चमचे त्यात घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवून द्या. मीठ काचेला चिकटले तर धान्यात शेकडा १५ हून अधिक ओलावा आहे, ते साठवू नका. चिकटले नाही तर ओलावा त्याहून कमी आहे. तरीही वर्षाच्या बेगमीसाठी आणखी दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. आणि हे लक्षात ठेवा की ऊन दिलेले धान्य गरम असताना कोठीत भरायचे नाही. सावलीत निवू द्यावे. गरम धान्य झाकले की आतल्या आत घाम धरते, आणि बुरशीला तेवढेच पुरते.

किडीचेही शास्त्र समजून घेतले तर उपाय सोपा होतो. गव्हा-तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाते. आपल्याला बाहेरून काही दिसत नाही, आणि उष्ण दमट हवेत महिन्याभरात नवा किडा बाहेर पडतो. म्हणून आषाढात अचानक किडे दिसले असे आपण म्हणतो, पण ते अचानक आलेले नसतात. कडधान्यातला भुंगा तर शेतातल्या शेंगेपासूनच सोबत येतो. तो अख्ख्या दाण्यावर वाढतो, भरडलेल्या डाळीत त्याचा जम बसत नाही. तेव्हा तूर, हरभरा शक्यतो उन्हाळ्यातच भरडून डाळ करून ठेवावा. अख्खे मूग-मटकी ठेवायचे असतील तर किलोला एक लहान चमचा खाण्याचे तेल हाताने चोळावे. तेलाच्या पातळ थरावर भुंग्याची अंडी टिकत नाहीत.

भांडे कसे असावे? जुन्या वाड्यांतून बळद असे, अंगणात कणगी असे, जमिनीत पेव असे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशा पेवांतून साठवीत. पेव हवाबंद असल्यामुळे आत किडीला श्वास घ्यायला हवा उरत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिके. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. माणूस गुदमरण्याचे भय असे. २००५ च्या महापुरात तिथल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरले. आज घरोघरी पेव खणता येणार नाही, पण त्यातले मर्म घेता येते. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा जाड पिंप काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा थोडी राहते. रोजच्या वापराचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे, मोठी कोठी सारखी उघडू नये. कोठी फळीवर ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. भिंतीची ओल तिला लागता कामा नये. जुने धान्य आधी संपवावे, नवे त्यावर ओतू नये.

आता एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. धान्याला लावायच्या विषारी गोळ्या, ज्यांतून हवेतल्या ओलाव्याने वायू सुटतो, त्या घरात कदापि वापरू नका. तो फॉस्फिन वायू आहे. बंद खोलीत निजलेल्या माणसांचे त्याने प्राण गेलेले आहेत. ती गोदामाची वस्तू आहे आणि शिकलेल्या माणसाच्याच हाती असायची. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, आणि बोरिक पावडर ही अन्नात घालण्याची वस्तू नव्हे. निंबाचा वाळलेला पाला, कडक ऊन आणि घट्ट झाकण एवढ्यावर घराचे काम भागते. तसेच, बुरशी धरलेले शेंगदाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत आणि घरातले झाले तर टाकून द्यावेत. त्या बुरशीतले विष भाजल्या-शिजवल्याने पुरते जात नाही.

सगळेच जिन्नस साठवण्याजोगे नसतात. गहू टिकतो, कणीक टिकत नाही. रव्याला जाळी धरते. अख्खी मिरची, हळकुंडे, धने टिकतात, पण त्यांची पूड महिनोन्‌महिने ठेवली की वास उडतो. शेंगदाण्याचे कूट आणि तेल खवट होते. हल्ली तालुक्याच्या गावीही मोठी दुकाने झाली आहेत आणि तिथे 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसते. पाटी वाचण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात : वजन, किलोमागे पडणारा भाव आणि वापरण्याची मुदत. जी वस्तू आपल्या घरात लागतच नाही, ती निम्म्या किमतीत घेतली तरी निम्मी किंमत वायाच गेली. आणि जी लागते ती मुदतीच्या आत संपेल एवढीच घ्यावी. साबण, मीठ, काडेपेटी यांची गोष्ट वेगळी. ती स्वस्त असताना खुशाल वर्षाची भरावी, कोरड्या जागी ठेवली म्हणजे झाले.

शिक्षक मंडळींना आणखी एक विनंती. शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ, डाळ आपल्या देखरेखीखाली असते. पोती फरशीवर न टाकता फळ्यांवर ठेवणे आणि आधी आलेले आधी वापरणे या साध्या गोष्टी मुलांच्या डोळ्यांसमोर घडल्या, तर त्या घरापर्यंत जातात. मिठाच्या बाटलीचा प्रयोग केलेली मुलगी संध्याकाळी आईची कोठी तपासल्याशिवाय राहणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या सुगीला धान्य बाजारात नेण्याआधी घरात बसून एवढा हिशेब करा : वर्षाला लागते किती, रेशनचे येते किती, रोख हाती आहे किती, आणि कोरडी जागा आहे किती. या चार आकड्यांत जो सर्वांत लहान पडेल, त्याच्या मापाने बेगमी करा. मग श्रावणात भाव काहीही असो, पुरणाची डाळ शिजायला घालताना घरधनिणीला वाण्याकडे धावावे लागणार नाही.