वाइड टाकणारं पोर



शाळेच्या संघाची निवड पाहिली, की मला आपल्या वलनीचा उमेश यादव आठवतो. कोळसा खाणकामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला. लेदर बॉल उशिरा हाती आला. दिशा-टप्पा बेताचाच, पण वेग! विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी तो हेरला. २००८-०९च्या पहिल्याच रणजी मोसमात ४ सामन्यांत २० बळी, २०११ला कसोटी, २०१५च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी. टप्पा सरावानं सुधारतो, असा वेग शिकवून येत नाही. आपण मात्र चाचणीत वाइड मोजत बसतो. खेळाच्या सरांना एवढीच विनंती, की यंदा अशा पोराला घरी पाठवण्याआधी आणखी दोन षटकं टाकू द्या.