चार तारांचें मोल

युकुलेली आणि तंबोरा हीं दोन वाद्यें एकाच बैठकींत शेजारीं शेजारीं ठेविलीं, तर पाहणारास हंसूं येईल. एक जेमतेम सव्वा हात लांबीचें, लहान मुलानेंहि काखेंत धरावें असें; दुसरें उभें केलें तर माणसाच्या खांद्यास लागणारें. पहिल्यावर चपळ बोटांनीं गाण्याची साथ करतात. दुसऱ्यावर गाणें मुळींच वाजत नाहीं, गाणाराच्या पाठीशीं षड्जाचें अखंड आसन तेवढें मांडलें जातें. तरीहि दोहोंस तारा चारच, दोहोंच्या पोटांत पोकळी, आणि विकत घेणाराच्या मनांत दोहोंविषयीं शंकाहि एकच. दिसावयास सारख्या असलेल्या दोन वाद्यांपैकीं एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट कां असावी, आणि ती दुप्पट किंमत कानास ऐकूं येते काय?

या शंकेचा विचार आधीं परदेशी वाद्याच्या बाबतींत करणें सोयीचें, कारण तेथील हिशेब अगदीं उघड्यावर मांडलेला आहे. 1879 च्या ऑगस्ट महिन्यांत ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाचें जहाज पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील मजूर घेऊन हवाई बेटांतील होनोलुलु बंदरास लागलें. त्या उतारूंत मॅन्युएल नूनेस, ऑगुस्टो डायस व जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन कसबी सुतार होते. मायदेशच्या लहानशा चौतारी वाद्यावरून त्यांनीं पुढें जें घडविलें, तेंच युकुलेली. आरंभीं तें कोआ नांवाच्या तेथील झाडाच्या लांकडाचें होत असे. अमेरिकेंत त्याची आवड पसरली, तेव्हां गिटार बनविणाऱ्या मार्टिन कंपनीनें 1916 च्या सुमारास तें महोगनीच्या लांकडांत बाजारीं आणिलें. त्यापूर्वीं 1907 मध्यें कंपनीनें केलेला प्रयत्न फसला होता. गिटारप्रमाणें जड बांधणी केल्यामुळें तें लहानगें वाद्य मुकेंच राहिलें होतें. पातळ महोगनी आणि हलकी बांधणी यांनीं त्यास कंठ फुटला.

या महोगनीच्या लहान युकुलेलीचे, म्हणजे सोप्रानोचे, कंपनीनें क्रमांक पाडले. सर्वांत स्वस्त क्रमांकाच्या कडेला कांहींच नसे. त्याच्या वरच्यास गडद लांकडाची किनार, त्याच्या वरच्यास हस्तिदंतासारख्या पांढऱ्या पदार्थाची, आणि त्याहून वरच्यास अनेक रेघांची नक्षी व बोटें ठेवण्याची पट्टी कांहींशी लांब. पेटीचें माप बहुतेक तेंच, लांकूड तेंच. म्हणजे पायरी चढतांना ग्राहक मुख्यतः किनारीचे पैसे देत असे. साध्या क्रमांकाचें एखादें वाद्य नक्षीदारापेक्षां गोड निघालें, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. एकाच ओंडक्यांतून निघालेल्या दोन फळ्याहि सारख्या वाजत नाहींत. मग निरनिराळ्या ओंडक्यांची गोष्ट ती काय? उलट आज बाजारांत ‘महोगनी’ म्हणून जें स्वस्त युकुलेली मिळतें, त्यांत पुष्कळदां चिकटविलेल्या थरांच्या फळीवर महोगनीचा नुसता पापुद्रा असतो. तें टिकाऊ असतें, हवामानास भीत नाहीं. परंतु अखंड पातळ फळीप्रमाणें तें मोकळेपणानें कांपत नाहीं. तेव्हां किनार पाहून किंमत ठरविणें आणि नांव ऐकून लांकूड ओळखणें, या दोन्ही सारख्याच चुका होत.

आतां घरच्या वाद्याकडे वळावें. महोगनी, तूण आणि दारांतला कडुनिंब हीं तिन्ही झाडें वनस्पतिशास्त्राप्रमाणें एकाच कुलांतलीं. यांपैकीं तूण सह्याद्रीच्या रानांत उगवतें, आणि त्याचें हलकें, तांबूस, सरळ रेषांचें लांकूड मिरजेच्या कारखान्यांत तंबोरा व सतार होऊन बोलूं लागतें. महोगनीच्या युकुलेलीचा देशी चुलतभाऊ सांगलीपासून अवघ्या तीन कोसांवर घडत असतो, असें म्हटल्यास तें केवळ अलंकारिक होणार नाहीं.

मिरजेच्या या धंद्याचा उगम मोठा अर्थपूर्ण आहे. शिकलगार म्हणजे तलवारींस धार देणारे, शस्त्रें दुरुस्त करणारे. इंग्रजी अमलांत शस्त्रांची मागणी सरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या कसबी घराण्यांतील कांहींनीं वाद्यांच्या दुरुस्तीकडे व मग घडणीकडे हात वळविला. फरीदसाहेब यांचें नांव या परंपरेच्या आरंभीं घेतलें जातें. पटवर्धन संस्थानिकांचा संगीतास आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें शिष्य घडवीत होते, विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच शिकले, आणि अब्दुल करीमखां यांनीं मिरज आपलें घर केलें. वाद्य करणाराच्या दारीं असा कानाचा धनी रोज येत असेल, तर खोटा नाद फार दिवस टिकत नाहीं. 1937 मध्यें खांसाहेब निवर्तले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या पुण्यतिथीस तेथें गाणें होत आलें आहे.

नाद पारखून, मोजून घ्यावा ही वृत्तीहि याच दोन जिल्ह्यांच्या अंगवळणीं पडलेली होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं तारेची लांबी मोजून स्वरांचीं प्रमाणें ठरविण्याचा खटाटोप केला व 1910 मध्यें बावीस श्रुतींवर आपला इंग्रजी ग्रंथ छापला. इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स हे त्यांचे सहकारी. त्यांचें भारतीय संगीतावरील पुस्तक 1913 चें. या मंडळींची ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था साताऱ्यास होती. त्यांच्या सर्व निष्कर्षांशीं विद्वान् सहमत झाले नाहींत. पण कानानें ऐकलेलें मापानें पडताळावें आणि मापानें काढलेलें पुन्हां कानापुढें ठेवावें, ही त्यांची रीत आजच्या ग्राहकासहि उपयोगी आहे.

तंबोऱ्याचा नाद कोठून येतो, हें समजल्यावांचून त्याचें मोल समजणार नाहीं. खालीं भोपळा, त्याच्या तोंडावर तुणाची तबली, वर पोकळ दांडी, आणि भोपळा व दांडी यांचा सांधा म्हणजे गुलू. तबलीवर घोडी बसते. तिचा माथा धारदार नसून रुंद व किंचित् उतरता असतो, आणि तार त्यावर टेकत-सुटत कांपते. या माथ्याची घांसणी म्हणजे जवारी. तारेखालीं सुताचा बारीक दोरा सरकवून योग्य जागीं आणिला, कीं तार एकदम उघडते आणि तिच्या पोटांतले वरचे स्वर एकामागून एक बाहेर पडूं लागतात. खर्जाच्या तारेंतून ऐकूं येणारा स्वयंभू गंधार हा त्यांतलाच. मूळ स्वराच्या पांचपट कंपनांचा तो स्वर आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 मध्यें तंबोरा व वीणा यांवर लेख लिहून दाखविलें कीं, तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा स्थिर बिंदु पडतो, तो उपस्वर इतर वाद्यांत उमटत नाहीं. या वाद्यांत मात्र तो जोरानें उमटतो, आणि त्याचें कारण ही रुंद, वक्र घोडी होय. एका कारागिराची कानस जें करीत आली, त्याचें शास्त्र असें पुढें सांगितलें गेलें.

यावरून ग्राहकास एक महत्त्वाचा भेद हातीं लागतो. तंबोऱ्यांतील कांहीं गोष्टी पालटतां येतात आणि कांहीं येत नाहींत. जवारी पुन्हां घांसतां येते, तारा नव्या चढतात, खुंट्या बदलतां येतात, मणी सरकवितां येतात. परंतु भोपळ्याची साल, तबलीचें लांकूड आणि दांडीचा सरळपणा हीं एकदां जशीं आलीं तशीं आलीं. दुकानांत जो तंबोरा पहिल्या छेडीस झणत्कारतो, त्याची पुष्कळदां केवळ जवारी ताजी असते. आणि कोपऱ्यांतला जो मुका वाटतो, त्याचें अंग उत्तम असून घोडी तेवढी झिजलेली असूं शकते. जवारीस भुलून तंबोरा घेणें म्हणजे नव्या रंगास भुलून घर घेण्यासारखें आहे.

पुणें-मिरज गाडीनें साताऱ्याहून एखादें कुटुंब मुलीसाठीं पहिला तंबोरा घेण्यास निघतें, तेव्हां बरोबर घ्यावयाची गोष्ट म्हणजे ही पारख. समोर दोन तंबोरे येतील. एकाच्या गुलूवर कोरीव पानें, दांडीवर पांढऱ्या पट्ट्यांची वेलबुट्टी. दुसरा साधा, लाखेच्या पॉलिशचा. प्रथम दोन्ही एकाच पट्टींत लावावेत. पुरुषाच्या गळ्यासाठीं काळी एक आणि मुलीच्या गळ्यासाठीं काळी चार, असा दोहोंचा भेद असतो, आणि त्याप्रमाणें वाद्याचें आकारमानहि बदलतें. मोठा तो चांगला, हा समज येथें खोटा ठरतो. तारा दोहोंस सारख्याच नव्या असाव्यात. छेडणारा एकच असावा. मग घेणारानें पाठ फिरवून खोलीच्या दुसऱ्या टोंकास उभें राहावें, कारण डोळे नक्षीचीच बाजू घेतात. पहिली छेड ऐकूं नये. ती विरतांना काय उरतें तें ऐकावें. षड्ज किती वेळ टिकतो, चारही तारा एकमेकींत मिसळतात कीं एखादी वेगळी पडते, आणि खर्जांतून गंधार आपण होऊन येतो कीं त्याची वाट पाहावी लागते, यांतच बहुतेक निवाडा होतो.

त्यानंतर डोळे उघडावेत. भोपळ्यावर सर्वत्र बोटानें हलकें ठोकून पाहावें. ज्या जागीं आवाज एकाएकी बदलतो, तेथें साल पातळ असते किंवा चीर बुजविलेली असते. दांडीवरून एका डोळ्यानें नजर टाकून ती वांकली आहे कीं काय तें पाहावें. तबलीच्या लांकडाच्या रेषा सरळ व अखंड असाव्यात, गांठ नसावी. एवढें पाहून जर साधा तंबोरा सरस ठरला, तर नक्षीचे पैसे वांचवावेत. आणि नक्षीदार सरस ठरला, तर ते पैसे नक्षीचे म्हणून द्यावेत, नादाचे म्हणून नव्हेत.

मात्र या काटकसरीची एक मर्यादा आहे, आणि खरा प्रश्न तेथेंच उभा राहतो. नक्षीवर वांचविलेला पैसा भोपळ्यावर कापूं नये. हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू जातीचा. सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकांठीं तो पिकवितात. वेलावर तो पूर्ण जून व्हावा लागतो. तितके महिने शेत अडकून पडतें, आणि अवकाळी पावसाची एक सर सालीवर डाग पाडून जाते. शेतकऱ्यास त्याच रानांत ऊस अधिक निश्चिंत पैसा देतो. पुढें कारागीर भोपळा भिजवितो, पोखरतो, सुकवितो. आणि महिनोन् महिने थांबून मग त्याचें वाद्य करतो. ग्राहक जर केवळ पट्ट्या व पानें पाहून दाम देऊं लागला, तर बाजार पट्ट्या व पानेंच पिकवील. चांगल्या सालीचा भोपळा व वर्षानुवर्षें मुरलेलें लांकूड राखून ठेवण्याचें कोणासहि कारण उरणार नाहीं. त्यांतच आतां खिशांतल्या यंत्रांतून फुकट तंबोरा वाजतो. प्रवासांत व रियाझास तो उपयोगी पडतो हें खरें. पण तो एकदां टिपलेला नाद आहे, लावणाराच्या कानास शिकविणारा नव्हे.

2024 मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेचें नांव लावून दुसरीकडचा माल विकूं पाहणाऱ्यास त्यामुळें कायद्यानें अडवितां येईल. परंतु मिरजेंतच झालेल्या दोन तंबोऱ्यांतला बरावाईट कोणता, हें मानांकन सांगत नाहीं. तें सांगणारा कान घरोघरीं तयार व्हावा लागतो. ज्या घरांत मुलीनें रोज सकाळीं खुंटी पिळून, मणी सरकवून चार तारा स्वतः जुळविल्या, त्या घरांतून पुढच्या वेळीं मिरजेस जाणारा ग्राहक फसणार नाहीं. आणि फसत नाहीं असा ग्राहक दारीं आला, म्हणजे कारागिराचाहि हात आपोआप जपून चालतो. अब्दुल करीमखां यांच्या काळीं मिरजेचा नाद अशाच कानांनीं राखला. यापुढें तो राखणें विकणाराच्या हातीं जितकें आहे, तितकेंच घेणाराच्या कानीं आहे.